साल काढिल्याची हकीकत

श्रीअग्निनारायण प्रसन्न. चुलीत जो वसतो तोच चितेतही वसतो. मधल्या दिवसांत त्याने भाकरी भाजावी आणि भाजणारास भाजू नये, इतुके मागणे मागोन लिहिण्यास आरंभ केला. शके अमुक, येथे साल लिहावे ऐसी जुन्या लिहिणारांची रीत. परंतु ते साल सरकारी आज्ञेने काढण्यात आले होते, पुढे परत बसविले, तथापि बसविताना किंचित वाकडे बसले, सबब आकडा लिहिण्यास हात धजत नाही. मास आश्विन, पक्ष वद्य. वार धुरामुळे दिसला नाही.

घाटमाथ्यावर एक राज्य होते. त्याचे नाव सांगत नाही, कारण शेजारच्या राज्यांसही ते नीट ठाऊक नव्हते आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नव्हते. राज्याभोवती रान, रानात ऐन, धावडा आणि किंजळ, आणि मध्ये एका टेकाडावर राजवाडा. थोरल्या महाराजांस पोटी संतान नव्हते, म्हणोन दूरच्या शाखेतील एक बालक दत्तक आणिले, तेच पुढे महाराज जाहले. स्वभावे दयाळू, नेमबाजीत साधारण, भोजनात थोर. परंतु जिभेस एक खोड होती. ज्या मुलखात त्यांचे बाळपण गेले तेथील वारा लागोन म्हणा अथवा दैवे म्हणा, पुरुषवाचक शब्द त्यांचे मुखी स्त्री होई, स्त्रीवाचक पुरुष होई, आणि एखादा शब्द मध्येच कोठे तरी अडकोन नपुंसक राही. 'हत्ती आली' म्हणत, 'तोफ उडाला' म्हणत, 'पगडी चुरगळला' म्हणत. प्रथम मुत्सद्दी मनात हसले, मग एकजण तोंडाने हसला, त्यास सीमेवरील चौकीवर पाठविले, तेथे हसावयास दुसरे माणूस नव्हते. तेव्हापासोन दरबारची बोली तीच ठरली. दिवाण अंताजीपंत, मिशा कानापर्यंत गेलेल्या, त्यांस महाराजांनी 'दिवाण आली काय?' ऐसे पुसले की ते खर्जात म्हणत, 'आली, महाराज, केव्हाची उभी आहे.' आणि घरी जाऊन मुलांनी तीच बोली बोलली तर त्यांचे कान पिळीत.

त्या राज्यात सरपण ऐनाचे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, जाड आणि भेगाळ. ती पावसाचे पाणी पिऊन बसते, आतल्या लाकडास वाळू देत नाही, आणि वर किडीस राहावयास घर देते. मागील पिढीत ओंडका रचण्यापूर्वी त्याची साल काढीत. मग जुने सरपण-हवालदार वारले, नवे आले, त्यांनी विचार केला की आगीस काय साल आणि काय गाभा, दोन्ही जळावयाचेच, आणि ती रीत सुटली. त्यायोगे त्या वर्षी ऐन वेळी ऐन ओला निघाला. चुलीत घातला तर जळेना, रुसल्यासारखा नुसता धुमसे. आणि धूर मुदपाकखान्यातोन, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरातोन, निघोन माजघरात गेला, माजघरातोन देवघरात, तेथे देवांनी काही म्हटले नाही म्हणोन दरबारात, आणि तेथेच राहिला. महाराज रडू लागले, दिवाण रडू लागले, भालदार चोपदार रडू लागले. शेजारच्या राज्याचा वकील नवा आला होता, तो आत पाऊल टाकतो तो सारा दरबार डोळ्यांस पदर आणि उपरणे लावोन बसलेला. त्याने पगडी काढोन खाली ठेविली, भुईवर बसला, आणि तोही रडू लागला. महाराजांनी पुसले, 'वकील कशाला रडते? कोण गेली?' वकील म्हणाला, 'तेच विचारावे की न विचारावे या संकोचात होतो.'

आता सरपणखान्यात लिंबाजी नामे एक तरणा माणूस ओंडके फोडण्याचे कामावर होता. शरीरे बळकट, दृष्टी खाली, आणि बोलणे ऐसे की जे काही बोले ते ओंडक्यांशी बोले. ओंडका उलट बोलत नाही, हसत नाही, आणि आपले सांगोन झाले की निमूट फुटतो, हा त्याचा गुण लिंबाजीस आवडे. मुदपाकखान्याचे मुख्य आचारी ठाकोजी, त्यांची कन्या जिऊ चूल फुंकण्याचे कामावर होती. फुंकणी तिचे हाती आणि जीभ तिचे मुखी, दोहोंतोन जे निघे ते नेमके लागे. लिंबाजी रोज तिच्या चुलीपाशी लाकडे टाकी आणि रोज एक वाक्य बोलावयाचे मनात आणी, आणि मग ते वाक्य पुन्हा खाली ठेवोन निघोन जाई, जसा कोणी जड भारा उचलावा आणि दाराची चौकट पाहोन परत ठेवावा. ऐसे कित्येक पावसाळे गेले. मग त्याच वर्षी भाद्रपदात एके दुपारी तो लाकडे घेऊन गेला तेव्हा जिऊच्या डोळ्यांतोन घळाघळा पाणी वाहत होते, आणि तो धूर आहे हे त्याच्या ध्यानी न येता, हे दुःख आहे ऐसे वाटोन, त्याचे मुखातोन निघोन गेले, 'रडू नको. तुझ्या चुलीला जन्मभर लाकूड मी घालीन. तू माझी बायको हो.' जिऊने फुंकणी खाली ठेविली आणि म्हणाली, 'रडतंय कोण? तुझ्याच लाकडानं डोळे फुटायची पाळी आली, आणि तेच जन्मभर घालतो म्हणतोस!' लिंबाजी पांढरा पडला. तेव्हा ती हळू बोलली, 'बोललास ते ऐकलं मी. आता माघारी घेऊ नको म्हणजे झालं.' भाताच्या तपेल्याआड ठाकोजी उभे होते, ते बाहेर येऊन म्हणाले, 'अरे, तुला वाचा आहे होय! मी इतकी वर्षं तुला मुका समजून शिव्या द्यायचं टाळत होतो.' आणि त्यांनी संतोषाने होकार दिला, सुपारी फुटली, आणि मार्गशीर्षात लग्न करावे ऐसे ठरले. लिंबाजी वखारीत येऊन एका ओंडक्यावर बसला आणि ते वाक्य आपल्याच मुखातोन निघाले की कसे याचा विचार करीत राहिला. ऐसे वाक्य एखाद्याच्या अंगी एकच असते. ते निघोन गेल्यावर आत जी मोकळी जागा राहते तीत काही काळ वारा वाहतो, आणि बरे वाटते.

मग आश्विन लागला आणि वर लिहिल्याप्रमाणे धूर दरबारात येऊन राहिला. एके दिवशी भर दरबारात महाराजांस ठसका लागला. त्यांस आपले बाळपण आठवले, दत्तक येण्यापूर्वीचे घर आठवले, आणि चुलीपाशी बसोन लाकडाची साल कोयत्याने काढणारी आई आठवली, जिचा धूर कधी कोणाच्या डोळ्यांस लागला नव्हता. आणि डोळ्यांतले पाणी धुराचे की कशाचे हे त्यांचे त्यांसही कळेना. मग ते उठोन उभे राहिले आणि ओरडले, 'दिवाण! लाकडाचे' आणि येथे खोकला आला, आणि पुढे म्हणाले, 'साल काढा! यंदाचे साल सगळेच काढून टाका! एक तुकडा राहता कामा नये! हा सगळा त्रास त्या सालाचा आहे!' इतुके बोलोन महाराज डोळे धुवावयास आत गेले. 'लाकडाचे' हा शब्द खोकल्याने गिळला. दिवाण दूर दाराशी होते. त्यांनी ऐकिले ते 'यंदाचे साल काढून टाका' इतुकेच.

त्यावर खलबत बसले. दिवाण अंताजीपंत, शास्त्रीबुवा आणि चिटणीस ऐसे तिघे. चिटणीस भोळे होते, ते म्हणाले, 'पंत, धुराचे बोलणे चालले होते. महाराज लाकडाची साल म्हणत असावेत.' शास्त्रीबुवा म्हणाले, 'लाकडाची ती साल. स्त्रीलिंगी. महाराज "यंदाचे साल" ऐसे बोलले. ते साल. नपुंसकलिंगी. म्हणजे वर्ष.' चिटणीस म्हणाले, 'परंतु महाराज तर हत्तीसही...' दिवाणांनी मिशीवर हात ठेविला आणि पुसले, 'हत्तीस काय?' चिटणीस म्हणाले, 'काही नाही. हत्ती मोठी आहे.' दिवाण म्हणाले, 'आहेच मोठी. आता नीट ऐका. महाराज बोलण्यात चुकले ऐसे धरावे तर ही लाकडाची साल होते. महाराज चुकत नाहीत ऐसे धरावे तर हे वर्ष होते. तुम्ही काय धरता?' चिटणीस म्हणाले, 'मी वर्ष धरतो. दोन्ही हातांनी धरतो.' ऐसे एकमत जाहले, आणि चालू साल राज्यातोन काढण्याचा हुकूम निघाला, आणि दवंडी फिरली की यंदाचे साल गेल्या पाडव्यापासोन रद्द, त्यात जे जाहले ते जाहले नाही, आणि पुढील पाडव्यास नवे साल लागेपर्यंत लोकांनी तिथी आणि वार यांवर भागवावे.

मग राज्यात बहुत घोळ माजला. सर्वांचे वय एकेक वर्षाने उतरले, त्यामुळे राणीसाहेब प्रसन्न जाहल्या. यंदा घातलेले लोणचे नाहीच, सबब ते कोणी कोणाचे खाल्ले तरी चोरी होईना. यंदा जन्मलेली मुले रडू लागली की आया त्यांस म्हणत, 'गप बस, तू अजून झालेला नाहीस.' बुरूजआळीत सगुणा नामे एक म्हातारी होती, तिचा घरधनी ज्येष्ठात वारला होता. तिने दवंडी ऐकोन संध्याकाळी दोन पाने मांडली आणि दाराकडे पाहत बसली. आणि महाराज रोज दिवाणांस पुसत, 'साल काढले काय?' दिवाण म्हणत, 'काढत्ये आहे, महाराज. चैत्र वैशाख सहज निघाले. श्रावण चिकट आहे.' महाराज म्हणत, 'पावसाळ्यातले चिकटच असते. ठोकून काढा.' मग दिवाण पंचांग मांडणाऱ्या जोशीबुवांच्या घरी जाऊन श्रावण ठोकवीत. महाराज पुसत, 'मुळापासून काढता ना?' दिवाण म्हणत, 'पाडव्यापासून, महाराज.' महाराज पुसत, 'आणि काढलेले कोठे ठेविता?' दिवाण म्हणत, 'जोशीबुवांचे माडीवर.' महाराज म्हणत, 'वाया का घालविता? गोठ्यात पसरा, गुरांना ऊब येतो.' तेव्हा दिवाणांनी यंदाची सर्व पंचांगे गोळा करोन सरकारी गोठ्यात पसरली, आणि त्यांतील भाद्रपद एका गाईने खाल्ला. एके दिवशी महाराज घाईत 'साले काढली काय?' ऐसे बोलले. राणीसाहेबांचे बंधू, जे पाहुणे म्हणोन येऊन राज्यात बहुत काळ राहिले होते, त्यांनी ते ऐकिले, वळकटी बांधिली, आणि काशीयात्रेस गेले, ते अद्याप आले नाहीत, आणि त्यांस बोलावणेही कोणी धाडिले नाही. ऐसे सर्व काही निघत होते. ओंडक्यांची साल मात्र ओंडक्यांवरच होती आणि धूर होता तैसाच होता.

दवंडी सरपणखान्यात सर्वांच्या मागोन पोहोचली तेव्हा लिंबाजी कुऱ्हाड टाकोन ठाकोजींकडे गेला. ठाकोजी भात उपसत होते, ते वर न पाहता म्हणाले, 'मला काय विचारतोस? सुपारी भाद्रपदातली. भाद्रपद आहे कुठं? सरकारी गाईनं खाल्ला, साऱ्या गावानं पाहिलं.' मग त्याचे तोंड पाहोन त्यांस दया आली आणि म्हणाले, 'हे बघ बाबा, माझं तुझं वाकडं नाही. पण मी सरकारचं अन्न शिजवतो, नसलेल्या सुपारीवर लेक कशी देऊ? पाडव्याला नवं साल लागेल. त्या दिवशी चारचौघांत ये आणि बोललास तेच पुन्हा बोल. मात्र नगारखान्याचा सुभानजीही येणार आहे जिऊला मागायला. तो बोलला म्हणजे समोरचे दोन डोंगर उत्तर देतात. म्हणून जरा मोठ्यानं बोल.' लिंबाजी वखारीत आला. त्याने ओंडका पुढे घेतला आणि त्यास म्हणाला, 'तुझ्या', आणि मग 'चु' इतुके आले, आणि पुढचे येईना, आणि कुऱ्हाड पडोन ओंडकाच फुटला. दुसरा घेतला, तोही 'चु' वर फुटला. संध्याकाळपर्यंत वखारीत फोडलेल्या लाकडांचा डोंगर जाहला आणि वाक्य एक जाहले नाही. बोललेला शब्द म्हणजे झाडावरचे पाखरू; एकदा उडाले की त्याच फांदीवर त्यास पुन्हा बसविणे कोणाचे हाती आहे?

तेव्हा जिऊ लाकडे न्यावयास आली आणि तो डोंगर पाहोन कमरेवर हात ठेवोन उभी राहिली. म्हणाली, 'एवढी कुणाची चिता रचतोस?' लिंबाजीने पुढचा ओंडका उचलला. ती म्हणाली, 'पाडव्याला येणार ना बोलायला?' त्याने मान हलविली, ती होय की नाही हे तिलाही कळले नाही. मग ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, 'मला पुन्हा ऐकायचं नाही, मी एकदा ऐकलंय. ऐकायचं आहे ते बापाला आणि सरकारला. हे सगळं लाकडाच्या सालीवरून झालं हे शेंबड्या पोराला कळतं, पण हुजुरांपुढं जाऊन सांगणार कोण? तू जा.' लिंबाजी दचकोन म्हणाला, 'मी? दिवाणजींपुढं?' जिऊ म्हणाली, 'का? लाकडांशी तर छान बोलतोस. दिवाणजी काय वेगळे आहेत?' त्याने बहुत वेळ विचार केला. नवे वाक्य बोलणे कठीण, परंतु जुने वाक्य पुन्हा बोलणे त्याहोन कठीण. आणि जे एकदा आपले होते ते साल निघाले म्हणोन नव्हतेच ऐसे म्हणणे सर्वांत कठीण. ऐसे त्याचे मनात येऊन त्याने ऐनाचा एक चांगला ओला ओंडका निवडला, खांद्यावर घेतला, कमरेस कोयता खोविला आणि राजवाड्याकडे चालू लागला. आणि हा बोलतो की नाही हे पाहावयास जिऊ फुंकणी हातात घेऊन मागोमाग निघाली, आणि लेक चूल सोडोन कोठे निघाली हे पाहावयास ठाकोजी झारा हातात घेऊन तिच्या मागोमाग निघाले.

देवडीवर पहारेकरी होता, त्याने अडविले आणि म्हणाला, 'आत हुजूरची बोली बोलायची, ठाऊक आहे ना? बाप्याला बाई म्हणायचं आणि बाईला बाप्या. उलटं बोललास तर सीमेवरची चौकी. तिथं एकजण आधीच कंटाळलाय.' लिंबाजीने मान डोलविली, ओंडका तिरपा करोन दारातोन आत नेला, आणि दरबाराच्या मध्यभागी गालिच्यावर ठेविला. सर्व दरबार डोळे पुशीत पाहू लागला. दिवाणांनी पुसले, 'काय आणिले आहे? अर्ज आहे काय?' लिंबाजीचे ओठ हलले आणि शब्द निघाला नाही. महाराज धुरातोन वाकोन पाहत म्हणाले, 'ही पोरगी मुकी आहे काय?' तेव्हा लिंबाजीने वर पाहिले नाही. गुडघे टेकोन बसला, कोयत्याच्या पाठीने ओंडका या टोकापासोन त्या टोकापर्यंत ठोकीत गेला, जैसे कोणी निजलेल्यास हळू जागे करावे. मग धारेने एक उभी चीर पाडली, चिरेत कोयत्याचे टोक घातले आणि उचलले, आणि साल करकर आवाज करीत, लांबच लांब, एखाद्या थकल्या माणसाने भिजलेला अंगरखा उतरावा तैशी उतरली. आतोन फिकट, गुळगुळीत, ओलसर लाकूड दिसले आणि धुरातही त्याचा कोवळा वास दरवळला. आणि सालीखालोन पांढऱ्या जाडजूड अळ्या निघाल्या, त्यांनी दरबार पाहिला, आणि त्यांस त्यातल्या त्यात दिवाणजी पसंत पडले. त्या रांगत रांगत त्यांच्याकडे निघाल्या तेव्हा अंताजीपंत 'मेले ग बाई!' ऐसे ओरडोन उडी मारोन उंच चौरंगावर जाऊन उभे राहिले, आणि इतुक्या वर्षांत हुजूरची बोली त्यांचे मुखातोन प्रथमच मनापासोन निघाली.

परंतु महाराजांचे लक्ष तिकडे नव्हते. ते गादीवरोन उतरले, सालीचे ते लांब पटकर त्यांनी दोन्ही हातांत घेतले, आणि ओरडले, 'हेच! हेच साल! हेच मी आश्विनापासून सांगते आहे! आणि तुम्ही इतके दिवस काय काढीत होता?' दिवाण चौरंगावर होते, शास्त्रीबुवा छताकडे पाहत होते. तेव्हा चिटणीस भोळेपणाने म्हणाले, 'भाद्रपद, महाराज.' महाराजांस समजेना. म्हणाले, 'भाद्रपदाला साल असते?' आता महाराज चुकले म्हणावे तर चौकी, दिवाण चुकले म्हणावे तर दिवाण ऐकत होते. तेव्हा शास्त्रीबुवा खाकरोन पुढे जाहले आणि म्हणाले, 'चूक कोणाचीच नाही. या राज्यात लाकडाचे ते साल, नपुंसकलिंगी. आणि वर्षाची ती साल, स्त्रीलिंगी. हा भेद शास्त्रात पुरातन आहे. आजवर कोणी पुसला नाही म्हणोन आम्ही सांगितला नाही. सबब साल काढावे ही आज्ञा लाकडाचीच होती. वर्षाची साल कोणी काढली असेल तर ती आज्ञेवाचून काढली, म्हणोन ती निघालीच नाही.' दिवाण चौरंगावरोन म्हणाले, 'मीही हेच म्हणत्ये होते.' येणेप्रमाणे साल परत बसली. राणीसाहेब पुन्हा एक वर्षाने वडील जाहल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. जोशीबुवांनी गाईस नमस्कार करोन भाद्रपद नव्याने मांडला. दवंडी परत फिरली, आणि बुरूजआळीतोन जाताना दवंडीवाल्याने सगुणाबाईच्या दारात दोन पाने मांडलेली पाहिली, तेव्हा त्याने डफ छातीशी धरला आणि ते घर मागे पडेपर्यंत वाजविला नाही.

महाराज फार संतुष्ट जाहले होते. त्यांनी लिंबाजीस जवळ बोलाविले आणि पुसले, 'एवढे ओझे घेऊन ही पोरगी आली ती कशासाठी? हिचे काय गेले होते?' आता बोलणे भाग पडले. लिंबाजी म्हणाला, 'वाक्य, महाराज.' महाराजांनी पुसले, 'कसले वाक्य?' म्हणाला, 'माझे होते. भाद्रपदात होते.' महाराज गादीवर बसले, तक्क्यास टेकले आणि म्हणाले, 'मग आता ते परत आले की. आम्हांस ऐकव.' लिंबाजीने मागे पाहिले तर दार जिऊने अडविलेले, तिच्या मागे ठाकोजी. जे पुन्हा बोलावे लागू नये म्हणोन एवढा ओंडका वाहोन आणिला, तेच पुन्हा बोलण्याची आज्ञा जाहली, आणि तीही चारचौघांत नव्हे, चारशेंत. क्षणभर त्यास वाटले की आपणही सोललेल्या लाकडासारखे झालो आहो, आता अंगावर काही नाही, आत किडाही नाही, आणि पळावयास भेगही नाही. मग त्यास पहारेकऱ्याचा शब्द आठवला, चौकी आठवली, आणि त्याने डोळे मिटोन, हुजूरचे बोलीत, एका दमात म्हटले, 'जिऊ, रडू नको रे. तुझ्या चुलीला लाकूड मी घालते, जन्मभर घालते. तू माझा नवरा हो. मी तुझी बायको होते.'

दरबारात कित्येकांचे पोट हालत होते, परंतु ती हुजूरची बोली, हसावे कोणी? महाराजांस त्यात वावगे काहीच दिसले नाही. ते गहिवरोन म्हणाले, 'किती सरळ बोलली पोरगी! आणि तो जिऊ कोठे आहे? आला आहे काय?' तेव्हा जिऊ पुढे आली, महाराजांस मुजरा केला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, 'आलो, महाराज. हिचं बोलणं ऐकलं मी. मान्य केलं. झालो मी हिचा नवरा.' मग लिंबाजीकडे वळोन म्हणाली, 'हुजुरांपुढं बोलली आहेस बाई, आता फिरायचं नाही. आणि नवऱ्यानं कधी चूल फुंकल्याचं ऐकलं आहेस का? धर.' आणि फुंकणी त्याचे हाती देऊन त्याचे कमरेचा कोयता काढोन आपल्या कमरेस खोविला. महाराज म्हणाले, 'मंजूर.' दिवाण म्हणाले, 'मंजूर.' ठाकोजींनी झारा कपाळास लाविला आणि म्हणाले, 'जावई करायला निघालो होतो, पदरात सून पडली.'

मार्गशीर्षात लग्न जाहले. सुभानजीने नगारा ऐसा वाजविला की मंगलाष्टके कोणास ऐकू आली नाहीत, आणि नवरानवरीपैकी कोणी काही बोलले की नाही हेही कळले नाही, त्यामुळे लिंबाजी त्याचा जन्माचा ऋणी राहिला. तेव्हापासोन जिऊ वखारीत बसोन साल काढी आणि हवालदारास, दिवाणास, ज्याचे त्याचे पुढ्यात जे बोलावयाचे ते बोले. आणि लिंबाजी मुदपाकखान्यात चूल फुंकी, जेथे तोंडात नळी असल्याने बोलावयाचे काम नसे, आणि भात शिजण्याच्या आवाजात त्यास बहुत सुख वाटे. लाकूड सोललेले, वाळलेले, सबब धूर राहिला नाही. दरबार स्वच्छ दिसू लागला, आणि महाराजांनी दिवाणांचा चेहरा प्रथमच नीट पाहिला व म्हणाले, 'ही ऐशी आहे होय.'

एकूण हकीकत इतुकी. राज्य राहिले नाही, चूल राहिली. जाणत्यांनी घ्यावे ते घ्यावे. न जाणत्यांनी इतुके ध्यानी धरावे की लाकूड वाळल्यावर जाळावे आणि बोल ओला असतानाच बोलावा. लेखनसीमा.